थकबाकीचा रंग कोणता? सीमाभागातल्या एका पतसंस्थेच्या अहवालाचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावात मुख्य कार्यालय असलेल्या एका मल्टिस्टेट पतसंस्थेचं हे प्रकरण आहे. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या बाजूंना तिच्या शाखा आहेत, तशाच हद्दीपलीकडे चंदगड-गडहिंग्लज भागातही. संस्था ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत. रंगांचे तपशील मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

सभासद सगळ्या थरांतले. शहापूर-वडगावचे विणकर, चिक्कोडी-अथणीकडचे ऊसवाले, निपाणीचे तंबाखूवाले, खानापूरचे भात पिकवणारे, शिवाय दुकानदार आणि पेन्शनर. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी कन्नड. बाजारात बहुतेकांना दोन्ही येतात. त्यामुळे अहवालही दोन्ही भाषांत निघतो.

मल्टिस्टेट संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, म्हणजे सप्टेंबरअखेर. जुलै-ऑगस्टमध्ये अहवालाची धावपळ असते. कव्हर चार रंगांत आणि आतली पानं नुसत्या काळ्या शाईत, हा खर्च वाचवण्याचा जुना रिवाज. त्याच अहवालाची रंगीत पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते आणि सभेच्या दिवशी तेच आलेख मंगल कार्यालयात, दारं-खिडक्या सताड उघड्या असताना, पडद्यावर दाखवले जातात. म्हणजे एकच आलेख संगणकावर, मोबाईलवर, पडद्यावर आणि काळ्या छपाईत अशा चार ठिकाणी वाचला जातो. बनवणारा मात्र तो पहिल्याच ठिकाणी बघून मोकळा होतो.

अडचण कशी पुढे आली

त्या वर्षीच्या अहवालात तीन मुख्य आलेख होते. मुख्य कार्यालयातल्या एका हुशार, कष्टाळू मुलाने ते एक्सेलमध्ये केले होते.

पहिला, शाखावार ठेवींचा स्तंभालेख. त्यात महाराष्ट्रातल्या शाखा भगव्या रंगात आणि कर्नाटकातल्या शाखा लाल-पिवळ्या पट्ट्यांत होत्या. त्याला ते नीटनेटकं वाटलं होतं: राज्य कुठलं, हे बघताक्षणी कळावं. दुसरा, शाखावार थकबाकीचा वर्तुळालेख, जितक्या शाखा तितक्या फोडी, तितके रंग. तिसरा, शाखा आणि महिने यांचा वसुलीच्या टक्केवारीचा तक्ता. प्रत्येक चौकोन एक्सेलच्या तयार लाल-पिवळ्या-हिरव्या पट्टीने रंगवलेला.

पडद्यावर पहिला आलेख आला आणि निपाणीकडच्या एका सभासदाने उभं राहून विचारलं, “आमची शाखा लाल-पिवळ्यात कशाला घातलासा?” बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं की लाल-पिवळा हा कन्नड ध्वजाचा रंग. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाला शहरभर तोच दिसतो, आणि त्याच दिवशी महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिन पाळते. भगवा कुणाचा, हे तर इथे शाळकरी पोरालाही ठाऊक. त्यामुळे संगणकावर बसून निवडलेली ही रंगजोडी सभागृहात पोचली ती भूमिका होऊन. लगेच अथणीकडच्या एका सभासदाने कन्नडमध्ये वेगळीच शंका काढली: लाल म्हणजे तोटा ना? मग आमची शाखा तोट्यात आहे का? त्याचंही चुकलं नव्हतं. दोन पानांपुढे, वसुलीच्या तक्त्यात, लाल म्हणजे खरोखरच वाईट होतं.

चेअरमनसाहेबांनी दोघांना शांत केलं, पण सभेचा उरलेला वेळ त्यातच गेला. एका शाखेत जुनी थकबाकी वर्षभर साचत चालली होती आणि चर्चा तिच्यावर व्हायला हवी होती. वर्तुळालेखात त्या शाखेची फोड इतर दोन फोडींसारख्याच निळसर रंगात होती, कारण एक्सेलच्या ठरावीक सहा रंगांनंतर त्याच रंगांच्या छटा सुरू होतात. ती कुणाच्याच नजरेला पडली नाही.

आणखी एक गोष्ट सभेआधीच घडली होती, पण तेव्हा कुणी तिचा अर्थ लावला नाही. संचालकांच्या बैठकीत एक ज्येष्ठ संचालक तक्ता बघून म्हणाले होते, “चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं, जरा बोटानं दाखवा की.” बाकीच्यांना वाटलं, चष्मा विसरले. तरुणपणी रेल्वेच्या भरतीत रंगीत ठिपक्यांच्या पानांमधले आकडे त्यांना वाचता आले नव्हते आणि म्हणूनच नोकरी हुकली होती, हे नंतर त्यांनीच सांगितलं. लाल-हिरव्याचं रंगांधत्व एक्स गुणसूत्रातून येत असल्याने ते पुरुषांत कितीतरी अधिक असतं. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ मागे एक, बायकांत २०० मागे एक. पुरुषांनी भरलेल्या संचालक मंडळात असा एखादा निघाला तर नवल नाही.

तक्त्याची चिरफाड

पुढच्या वर्षीच्या अहवालासाठी मला बोलावलं तेव्हा मी आधी जुन्या छापील प्रती मागवल्या. रंगीत फाईल सगळ्यांनी पाहिली होती, पण काळ्या शाईतलं पान कुणी नीट पाहिलंच नव्हतं. वसुलीच्या तक्त्यात सर्वात चांगले आणि सर्वात वाईट महिने एकाच राखाडी रंगात छापले गेले होते आणि मधले महिने जवळजवळ पांढरे.

याचं कारण साध्या गणितात आहे. रंगाचा राखाडी करताना टीव्हीच्या काळापासून वापरात असलेलं सूत्र लाल भागाला सुमारे ३० टक्के, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन देतं. एक्सेलच्या त्या तयार पट्टीतला लाल (२४८, १०५, १०७) या सूत्राने १४८ वर येतो. हिरवा (९९, १९०, १२३) येतो १५५ वर. शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा अशा मापात सातचा फरक डोळ्याला कळतही नाही. मधला पिवळा मात्र २२९ वर जाऊन बसतो. रंग गेला की तक्त्याची दोन टोकं एकमेकांना मिळतात. ज्येष्ठ संचालकांना पडद्यावर जे दिसलं त्याचीही गोम इथेच होती: लाल-हिरव्यातला भेद ज्याला दिसत नाही त्याने उजळपणावर विसंबायचं, आणि तोच दोन्ही टोकांना सारखा.

दुसरा दोष अधिक खोल होता आणि माझ्या मते सगळ्यात घातक. त्या पट्टीत मधला बिंदू आपोआप ठरतो: आकड्यांना क्रमाने लावून बरोबर मधला. म्हणजे सगळ्या शाखांनी उत्तम वसुली केली तरी अर्धा तक्ता लालीकडे झुकणारच, आणि सगळ्या बुडाल्या तरी अर्धा हिरवाईकडे. रंग वाईट-चांगलं सांगतोय असं वाचणारा समजतो. तो सांगत असतो फक्त क्रम.

तिसरी गोष्ट इथल्या शेतीची. ऊसपट्ट्यातल्या शाखांची वसुली गाळप हंगामात कारखान्याची बिलं जमा झाली की उसळते आणि पावसाळ्यात ओसरते. विणकरांच्या शाखेत लग्नसराई आणि दिवाळीचं गणित. पावसाळ्यात अथणीची शाखा लाल दिसणं हे दरवर्षीचंच. त्यात शाखाधिकाऱ्याचा दोष नाही. तक्ता मात्र त्याला दर जुलैत आरोपी करत होता.

समोर असलेले पर्याय

बैठकीत चार पर्याय आले. सगळ्यांना सारखाच वेळ दिला गेला असं म्हणवत नाही.

सगळी पानं चार रंगांत छापा, असं एका संचालकांचं म्हणणं. खर्चामुळे ते तिथेच पडलं. खर्च परवडला असता तरी भगव्या-लाल-पिवळ्याचा प्रश्न आणि तो मधला बिंदू जागेवरच राहिले असते.

रंगांध व्यक्तींनाही वेगळे ओळखता येतील असे रंग घ्या, हा दुसरा. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी शास्त्रज्ञांनी सुचवलेला आठ रंगांचा संच जगभर वापरला जातो. तो मी दाखवला. पण त्यात काळा धरून आठच रंग, आणि शाखा त्याहून जास्त. शिवाय नारिंगी, शेंदरी आणि पिवळा त्यात आहेतच. प्रयोगशाळेत निर्धोक ठरलेला संच बेळगावच्या मंगल कार्यालयात निर्धोक राहीलच असं नाही.

तिसरा, रंगच काढून टाका. राखाडी छटा आणि तिरप्या रेघांची भरण वापरा. छपाईसाठी हे सर्वात सोपं. नमुना पाहून चेअरमनसाहेब म्हणाले, “हा अहवाल आहे की सुतकाची पत्रिका?” हसण्यावारी गेलं, पण मुद्दा खरा होता. नफ्यात असलेल्या संस्थेने सभासदांपुढे काळवंडलेलं पान ठेवू नये, हे त्यांचं व्यवहारज्ञान. तिरप्या रेघा पडद्यावर थरथरल्यासारख्या दिसतात, हा त्यांचा आणखी एक तोटा.

चौथा, प्रत्येक आलेखात रंगाला एकच काम द्यायचं आणि ते काम रंगछटेने न करता गडद-फिकटपणाने करायचं. शाखेचं नाव, राज्य, वर्ष वगैरे बाकीचं सगळं अक्षरांनी आणि जागेने सांगायचं.

व्हाईस चेअरमन खानापूरकडचे शेतकरी. त्यांना हा चौथा पटेना. “लाल म्हणजे वाईट, हिरवं म्हणजे चांगलं, एवढं तर अडाण्यालाही कळतं. ते कशाला मोडता?” हा आक्षेप वजनदार होता आणि त्यावरच सर्वात जास्त वेळ गेला. उत्तर म्हणून मी हवामान खात्याचा पावसाचा नकाशा उघडला. ते तो पावसाळाभर बघत असतात. त्यात सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांपर्यंतचा पाऊस हिरवा, उणे २० ते उणे ५९ टक्के तुटीचा लाल आणि उणे ६० च्या खालचा, म्हणजे त्याहूनही वाईट, पिवळा. त्याच खात्याच्या इशाऱ्यांत मात्र पिवळा सौम्य आणि लाल सर्वात गंभीर. एकाच खात्याच्या दोन पानांवर लाल-पिवळ्याची उतरंड उलटी. आणि संस्थेच्या आपल्याच घरात काय? लक्ष्मीपूजनाला पुढ्यात ठेवतात ती चोपडी लाल कापडाचीच असते. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग वाईट आहे असं लिहाच की. रंगानं का सांगता?” चौथ्या पर्यायाची याहून चांगली वकिली मला जमली नसती.

प्रत्यक्षात काय केलं

ठेवींचा आलेख सर्वात आधी सुटला. सगळे स्तंभ आडवे आणि एकाच रंगाचे, मोठ्याकडून लहानाकडे लावलेले, शाखेचं नाव शेजारी, आकडा टोकाला. राज्य दाखवायचं की नाही यावर चेअरमनसाहेबांनी एकच प्रश्न विचारला: सभेत कुणाला राज्य बघून काही ठरवायचं आहे का? कुणालाच नव्हतं. वसुली अधिकाऱ्याला कोर्टकचेरीसाठी ती विभागणी लागते. त्याच्या टेबलावरच्या यादीत ती राहिली, अहवालातून गेली.

थकबाकीच्या वर्तुळाची जागा आडव्या पट्ट्यांनी घेतली. प्रत्येक शाखेची एक पट्टी, तिचे थकबाकीच्या वयानुसार भाग; जितकी जुनी थकबाकी तितकी छटा गडद. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली मांडलेली क्रमवारी इथे कामी आली: एकाच मोजपट्टीवरची जागा माणूस सर्वात अचूक वाचतो, कोन आणि क्षेत्रफळ त्याहून कमी, आणि छटा सर्वात कमी. म्हणून सर्वात जुनी थकबाकी पट्टीच्या डाव्या टोकाला ठेवली. सगळ्या शाखांचे ते भाग एकाच रेषेपासून सुरू होतात आणि लांबी थेट ताडून पाहता येते. छटा फक्त आधाराला.

मग रंग कोणता, यावर बैठक पुन्हा अडली. निळा म्हटलं की एकाला निळा झेंडा आठवे, हिरवा म्हटलं की दुसऱ्याला रयत संघ या शेतकरी संघटनेची शाल. भगवा आणि लाल-पिवळा आधीच बाद. काळ्यालाही इथे एक तारीख चिकटलेली. शेवटी शहापूरच्या विणकर घरातल्या संचालकांनी विषय साड्यांवर नेला: मोरपंखी, चिंतामणी, आमसुली, वांगी. वांगी रंगावर सगळ्यांचं एकमत झालं. कुणाचा झेंडा नाही, गडद टोकाला छपाईत जवळजवळ काळा होतो आणि फिकट टोकाला मऊ राहतो. तांत्रिकदृष्ट्याही उत्तम निवड. पण ती सुचायला एखादं संगणकीय साधन पुरलं नसतं.

छटा ठरवताना सिंथिया ब्रूअर यांच्या ‘कलरब्रूअर’चा आधार घेतला. ते मूळचं नकाशांसाठी केलेलं साधन. चढत्या क्रमाचे, दोन टोकांचे आणि नुसत्या वेगळेपणाचे असे रंगसंच त्यात वेगळे मांडलेले असतात आणि कुठला संच झेरॉक्समध्ये टिकेल तेही बघता येतं. दोन टोकांचे संच तिथे टिकत नाहीत, कारण आपल्या त्या लाल-हिरव्या तक्त्यासारखीच त्यांची दोन्ही टोकं सारखी काळी पडतात.

सुरुवातीला थकबाकीचे पाच वयोगट होते. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात चार छटा ओळखू आल्या, मंगल कार्यालयाच्या पडद्यावर तीनच. सर्वात फिकट छटा तर पडद्याच्या पांढऱ्यात विरघळूनच गेली. वेब सुगम्यतेचे, म्हणजे संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीचे, २०१८ चे निकष आलेखातल्या अर्थपूर्ण भागांसाठी शेजारच्या रंगाशी किमान ३ ला १ इतका उजळपणाचा फरक मागतात. फिकट छटा त्यात बसत नव्हती, म्हणून तिला बारीक गडद कड दिली. गट तीनच ठेवले. सविस्तर पाच गट खालच्या तक्त्यात आकड्यांनी दिले, कारण लेखापरीक्षकांना ते हवेच होते.

वसुलीचा रंगीत तक्ता अहवालातून काढून टाकला. त्याच्या जागी प्रत्येक शाखेची छोटी रेघ: यंदाची गडद वांगी, गेल्या वर्षीची फिकट राखाडी, सगळ्यांना एकच मोजपट्टी. आता अथणीची तुलना बेळगावशी होत नव्हती. अथणीचा जुलै अथणीच्याच गेल्या जुलैशेजारी होता. ज्येष्ठ संचालकांना कच्ची प्रत दाखवली, तेव्हा त्यांनी न विचारता दोन शाखांवर बोट ठेवलं. बरोबर त्याच दोन.

कन्नड पानांसाठी आलेख नव्याने न काढता तोच आलेख घेऊन फक्त अक्षरं बदलली. एकाच आलेखावर दोन्ही लिप्या असाव्यात अशी सूचना आली होती. वर कुठली आणि खाली कुठली हा वाद ओढवून घ्यायचा नसेल तर ते टाळलेलं बरं, असं मी सुचवलं आणि कुणी खोडून काढलं नाही.

परिणाम

सभेत रंगांवर एकही प्रश्न आला नाही. थकबाकीचा आलेख पडद्यावर येताच मागच्या रांगेतून विचारणा झाली की अमुक शाखेचं ते गडद टोक एवढं लांब कसं. शाखाधिकाऱ्याला उभं राहून उत्तर द्यावं लागलं, जामीनदारांच्या नोटिसांचा विषय निघाला, आणि जुन्या कर्जांसाठी वेगळी वसुली समिती नेमायचं ठरलं. छपाईचा खर्च वाढला नाही.

सगळे खूश झाले असं मात्र नाही. काही सभासदांना अहवाल फिका वाटला. शाखाधिकाऱ्यांची नाराजी अधिक गंभीर होती. मोठ्याकडून लहानाकडे क्रम लावल्यामुळे शेवटच्या शाखेचं नाव तळाशी ठळक दिसू लागलं. रंगांच्या गर्दीत जे झाकलं जायचं ते उघड्यावर आलं, आणि ती शाखा तर नुकतीच उघडलेली होती. तिच्याकडे ठेवी कमी असणारच. आलेख खरा होता, पण त्या शाखाधिकाऱ्यावर अन्याय करणारा.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम ठरवण्याआधी शाखाधिकाऱ्यांना नमुना दाखवायला हवा होता. रंगांची चाचणी झेरॉक्सवर, पडद्यावर, रंगांध वाचकावर झाली. क्रमाची कुणावरच झाली नाही. नव्या शाखांचा गट वेगळा, थोडी जागा सोडून खाली मांडला असता तर तक्रार उरली नसती. नंतरच्या अहवालात तसंच केलं गेलं.

चाचणी घेतली तीही संचालकांवर आणि नोकरवर्गावर. शेवटच्या रांगेत बसणाऱ्या सभासदाला आधीच पाच मिनिटं बसवून पान दाखवलं असतं तर ‘फिका’ ही तक्रारही वेळेवर कळली असती. त्यावर उपाय सोपा होता: कव्हर आणि फोटोंची पानं भरपूर रंगीत ठेवायची, सणासारखी, आणि आलेखांना हात लावायचा नाही.

वांगी रंगाची निवड कायमची मानू नये, हेही लक्षात आलं. संचालकांच्या निवडणुकीत एखाद्या पॅनेलने तोच रंग पत्रकावर घेतला तर तो त्या दिवसापासून तटस्थ राहणार नाही. म्हणून रंगापेक्षा नियम लिहून ठेवणं महत्त्वाचं होतं: एका आलेखात रंगाला एकच काम, गडद म्हणजे जास्त किंवा जुनं, नाव नेहमी शेजारी, झेरॉक्स काढून बघितल्याशिवाय पान प्रेसला नाही. ते टिपण एका पानाचं झालं, पण सभा उरकल्यावर. मूळचे आलेख करणारा मुलगा तोवर दुसऱ्या नोकरीवर गेला होता आणि नव्या मुलीला सगळं पुन्हा समजावावं लागलं.

लाल-हिरवा तक्ता पूर्णपणे गेलेला नाही. वसुली अधिकारी तो दर सोमवारी स्वतःच्या संगणकावर वापरतात आणि सोडायला तयार नाहीत; त्यांना रंग दिसतात, पान छापायचं नसतं, आणि नजर टाकली की फोन कुणाला लावायचा ते कळतं. त्यांच्याशी वाद घातला नाही. एवढंच केलं की मधला बिंदू आपोआप ठरण्याऐवजी त्या शाखेच्या त्याच महिन्यातल्या गेल्या वर्षीच्या टक्केवारीवर बांधला, आणि प्रत्येक चौकोनात फरकाचा आकडा अधिक-उणे चिन्हासह घातला. उणे चिन्ह मोठं आणि ठळक ठेवा, असं त्यांनीच सांगितलं.